खारपाणपट्ट्यातील पाणी आणि चुंबकाचे साधे नियम

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात पसरलेल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारे असलेल्या भागात, गेल्या काही हंगामांपासून एका उपकरणाची विक्री जोरात चालली आहे. बोअरच्या किंवा विहिरीच्या पाइपावर बाहेरून बसवायचे दोन चुंबक, त्यांवर एक चकचकीत आवरण आणि सोबत रंगीत माहितीपत्रक, असे त्याचे स्वरूप असते. या चुंबकांमधून पाणी गेले की त्यातील क्षार ‘तुटतात’, पाणी ‘हलके’ होते, जमीन भुसभुशीत होते आणि उत्पन्न वाढते, असे शेतकऱ्यांना सांगितले जाते. कृषी प्रदर्शनांतील दालनांत हे उपकरण मांडलेले दिसते, गावोगावी विक्रेते फिरतात आणि कधी कधी बातमीसारखी दिसणारी जाहिरातही छापून येते. मी दर्यापूर तालुक्यात राहणारा निवृत्त विज्ञान शिक्षक आहे. आज शेती करणारे माझे माजी विद्यार्थी हे उपकरण घ्यावे का, असे मला विचारतात. काहींनी विचारण्याआधीच ते घेतलेले असते. त्यांना मी जे उत्तर देतो ते आपल्या वाचकांसमोर मांडावे, या हेतूने हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे याची मला जाणीव आहे; परंतु ‘यावर विश्वास ठेवू नका’ एवढेच सांगणे म्हणजे एका माणसाच्या शब्दाऐवजी दुसऱ्या माणसाचा शब्द मानायला लावणे होय. चुंबक काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, हे शाळेत शिकवलेल्या नियमांवरूनच ज्याचे त्याला ठरवता येते, आणि ते कसे, हे दाखवणे मला अधिक गरजेचे वाटते.

प्रत्येक चुंबकाला उत्तर आणि दक्षिण असे दोन ध्रुव असतात, सजातीय ध्रुव एकमेकांना दूर लोटतात आणि विजातीय ध्रुव जवळ ओढतात, हे सर्वांना पाठ असते. पट्टी चुंबकाचे मधोमध दोन तुकडे केले तर एका हातात उत्तर आणि दुसऱ्या हातात दक्षिण ध्रुव येत नाही. दोन्ही तुकड्यांना पुन्हा दोन-दोन ध्रुव असतात, आणि एकटा ध्रुव आजवर कोणत्याही प्रयोगात सापडलेला नाही. याचे कारण असे की लोखंडाच्या अणूंमधील इलेक्ट्रॉन स्वतःच अतिसूक्ष्म चुंबकांसारखे वागतात आणि लोखंडात त्यांचे मोठमोठे गट एकाच दिशेने रांगेत उभे असतात. साध्या खिळ्यात हे गट वेगवेगळ्या दिशांना तोंड करून असल्यामुळे त्यांचा परिणाम परस्पर पुसला जातो. चुंबकात बहुतेक गट एका दिशेला वळलेले असतात. म्हणूनच चुंबक जोराने आपटला किंवा फार तापवला तर त्याचे चुंबकत्व कमी होते, आणि लोखंड सुमारे ७७० अंश सेल्सिअसच्या वर गेले की ही रांग पूर्णपणे मोडते. सामान्य तापमानाला चुंबकाकडे डोळ्यांना दिसेल इतक्या जोराने ओढली जाणारी मूलद्रव्ये मोजकीच आहेत. लोखंड, निकेल आणि कोबाल्ट ही त्यांतील नेहमीच्या व्यवहारातली. तांबे, ॲल्युमिनियम, लाकूड, प्लास्टिक, मीठ आणि पाणी या यादीत नाहीत.

चुंबकाच्या भोवती ज्या जागेत त्याचा परिणाम जाणवतो, त्या जागेला आपण चुंबकीय क्षेत्र म्हणतो. कागदावर लोहकीस पसरून खाली चुंबक धरला की जे वक्र दिसतात, ते या क्षेत्राची दिशा दाखवतात. जिथे रेषा दाट तिथे क्षेत्र तीव्र, जिथे विरळ तिथे क्षीण. इथपर्यंतचा भाग आठवीपर्यंत होऊन जातो. खारपाणपट्ट्यातील उपकरणाचा निवाडा करण्यासाठी याच्या पुढची पायरी लागते, आणि ती १८२० साली कोपनहेगन येथे हान्स ख्रिश्चन ओरस्टेड यांनी चढली. तारेतून विद्युतधारा वाहू लागली की जवळ ठेवलेली चुंबकसूची वळते, असे त्यांनी दाखवून दिले. याचा अर्थ, वाहणारा विद्युतप्रभार स्वतःभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. याची उलट बाजूही तितकीच खरी आहे: चुंबकीय क्षेत्रातून जाणाऱ्या प्रभारावर बल लागते. दहावीत फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम म्हणून आपण जो शिकवतो, तो याच बलाची दिशा सांगतो.

तेव्हा चुंबकाला ‘पकड’ घेता येईल अशा मुख्यतः दोनच गोष्टी आहेत, एक म्हणजे लोखंडासारखा चुंबकीय पदार्थ आणि दुसरी म्हणजे हलणारा विद्युतप्रभार. पाइपातून जाणाऱ्या खाऱ्या पाण्याला या दोन्ही कसोट्या लावून पाहू.

आधी पाणी घेऊ. पाणी चुंबकाला अजिबात दाद देत नाही असे नाही. मायकेल फॅरडे यांनी १८४५ साली दाखवले की पुष्कळ पदार्थ चुंबकाकडे ओढले जाण्याऐवजी अत्यंत क्षीण बलाने दूर लोटले जातात. अशा पदार्थांना प्रतिचुंबकीय म्हणतात आणि पाणी त्यांपैकीच एक आहे. हे बल किती क्षीण असते, याचा अंदाज एका प्रसिद्ध प्रयोगावरून येतो. १९९७ साली नेदरलँड्समधील नायमेगन येथे आंद्रे गाइम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक जिवंत बेडूक चुंबकीय क्षेत्रात हवेत तरंगता ठेवला. बेडकाच्या शरीरातील पाण्याला वर उचलण्यासाठी त्यांना सुमारे १६ टेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राची तीव्रता मोजण्याचे एकक) इतके प्रचंड क्षेत्र वापरावे लागले. आपल्या भागातील पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र ४० ते ४५ मायक्रोटेस्लाच्या (टेस्लाच्या दहा लाखाव्या भागाला मायक्रोटेस्ला म्हणतात) आसपास आहे, म्हणजे बेडकासाठी वापरलेले क्षेत्र याच्या काही लाख पट होते. इतक्या क्षेत्रात राहूनही बेडकातले पाणी पाणीच राहिले, त्यातील क्षार कुठे गेले नाहीत आणि बेडूक सुखरूप बाहेर आला. आपल्याकडे नागपूरला किंवा अमरावतीला एमआरआय करून घेतलेल्या कोणत्याही रुग्णाची गोष्ट हीच आहे. एमआरआयच्या बोगद्यात साधारणतः १.५ किंवा ३ टेस्ला क्षेत्र असते आणि माणूस त्यात बराच वेळ पडून असतो. त्याच्या रक्तातील मीठ चुंबकामुळे ‘तुटत’ असते, तर एमआरआय ही तपासणी न राहता जीवघेणी शिक्षा झाली असती.

आता क्षार घेऊ, कारण विक्रेत्यांचा सगळा भर त्यांच्यावर असतो. मीठ पाण्यात विरघळले की ते सोडियम आणि क्लोराइड अशा प्रभारित कणांत, म्हणजे आयनांत, आधीच वेगळे झालेले असते. त्याला आणखी ‘तोडण्यासारखे’ काही शिल्लक नसते. हे आयन पाण्याबरोबर वाहतात, म्हणजे ते हलणारे प्रभार आहेत, आणि त्यांच्यावर चुंबकाचे बल लागते हे अगदी खरे आहे. माहितीपत्रकात जे एक शास्त्रीय वाक्य असते ते याच आधारावर उभे असते. मात्र हे बल किती असते, ते त्यात कुठेही लिहिलेले नसते. ते काढणे अवघड नाही. पाण्याचा वेग सेकंदाला २ मीटर आणि पाइपातील क्षेत्र ०.१ टेस्ला धरले, तर आयनांवर होणारा परिणाम दर मीटरला ०.२ व्होल्ट इतक्या विद्युत क्षेत्राएवढा भरतो. चुंबकाची लांबी १० सेंटिमीटर असेल तर पाणी त्यातून सेकंदाच्या विसाव्या भागात निघून जाते. तेवढ्या वेळात सोडियमचा आयन पाण्याच्या रेणूंच्या गर्दीतून बाजूला सरकतो तो केवळ अर्ध्या नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या सुमारे एक लाखाव्या भागाइतका. क्लोराइड तितकाच थोडासा विरुद्ध दिशेला सरकतो. चुंबक संपला की पाण्यातील खळबळ दोघांनाही पुन्हा एकत्र मिसळून टाकते. एकही आयन पाइपाबाहेर गेलेला नसतो, कुठे साचलेला नसतो, नाहीसा झालेला नसतो. जेवढे मीठ बोअरमधून वर आले, तेवढेच्या तेवढे सऱ्यांमध्ये उतरते.

या सूक्ष्म परिणामाचा खरा उपयोगही आहे आणि तो प्रामाणिक आहे. वाहत्या पाण्यात चुंबकामुळे पाइपाच्या दोन कडांमध्ये जो किंचित विद्युतदाब निर्माण होतो, तो मोजून पाणी किती वेगाने वाहते हे ठरवणारी मीटरे पाणीपुरवठा योजनांत बसवली जातात. फॅरडे यांनी तर १८३२ साली लंडनच्या वॉटर्लू पुलावरून थेम्स नदीत तारा सोडून पृथ्वीच्या क्षेत्रामुळे वाहत्या पाण्यात निर्माण होणारा विद्युतदाब मोजण्याचा प्रयत्न केला होता. त्यांच्या साधनांना तो पकडता आला नाही, पण कल्पना बरोबर होती. वाहते पाणी आणि चुंबक यांचे नाते एवढेच आहे. त्यातून मापन होते, शुद्धीकरण होत नाही.

विक्रेते आकड्यांनी माणसाला दिपवतात, म्हणून त्याबद्दलही थोडे लिहितो. ‘पाच हजार गॉस’, ‘दहा हजार गॉस’ असे आकडे माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत असतात. गॉस हे लहान एकक आहे. १० हजार गॉस म्हणजे १ टेस्ला. शिवाय हा आकडा चुंबकाच्या अगदी पृष्ठभागालगतचा असतो. चुंबकापासून दूर जावे तसे क्षेत्र झपाट्याने घटते. लहान चुंबकापासून त्याच्या आकाराच्या मानाने पुरेसे दूर गेल्यावर अंतर दुप्पट झाले की क्षेत्र आठव्या हिश्श्यावर येते. पाइपाच्या मध्यभागी त्यातले किती उरते हे कोणी मोजून दाखवत नाही. त्यातही पाइप जीआयचा, म्हणजे लोखंडाचा असेल, तर गंमत पुढेच आहे असे म्हणण्याचा मोह होतो, पण शेतकऱ्याच्या पैशाचा प्रश्न असल्याने मी ती गंमत मानत नाही: लोखंडी पाइपाची भिंत चुंबकाच्या बहुतेक बलरेषा स्वतःमध्येच ओढून घेते आणि आतल्या पाण्यापर्यंत फारच थोडे क्षेत्र पोहोचते. चुंबक पाइपाला घट्ट चिकटलेला पाहून शेतकऱ्याला त्याची ताकद पटते. प्रत्यक्षात ती ताकद पाइपाला धरून ठेवण्यातच खर्ची पडलेली असते.

याबाबत प्रामाणिकपणे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. जड पाण्यातील चुन्याचा थर गरम पाण्याच्या नळ्यांवर कसा बसतो, त्यावर चुंबकाचा काही परिणाम होतो का, यावर अनेक देशांत प्रयोग झाले आहेत. काहींत थोडा फरक दिसला, काहींत काहीच दिसला नाही, आणि हा वाद शास्त्रज्ञांमध्ये जुना आहे. विक्रेते अशाच प्रयोगांचे दाखले देतात. परंतु ते प्रयोग चुन्याच्या थराविषयी आहेत. सोडियमने भरलेल्या खाऱ्या पाण्यातून मीठ कमी झाले, असे त्यांपैकी कोणी सिद्ध केलेले नाही, आणि वर मांडलेल्या हिशेबानुसार तसे होण्याचा मार्गही दिसत नाही.

‘पण माझ्या शेतात फरक पडला’ असे सांगणारे शेतकरी भेटतात, आणि ते खोटे बोलतात असे मी म्हणणार नाही. मात्र उपकरण बसवले त्या वर्षी पाऊस किती झाला, बियाणे बदलले का, खत वाढवले का, आणि शेताच्या दुसऱ्या तुकड्यात त्याच बोअरचे पाणी चुंबकाशिवाय देऊन पाहिले का, हे प्रश्न विचारल्याशिवाय त्या फरकाचे श्रेय चुंबकाला देता येत नाही. आमच्या पट्ट्यात एका चांगल्या पावसाने वरच्या थरातील क्षार खाली धुतले जातात आणि त्या वर्षीचा हरभरा डोळ्यांत भरतो, हे इथला प्रत्येक शेतकरी जाणतो.

क्षारांच्या बाबतीत जे खरोखर उपयोगी पडते ते कमी आकर्षक आहे आणि त्याची जाहिरात फारशी कोणी करत नाही. पाण्याची आणि मातीची तपासणी करून घेणे, पाण्याची विद्युतवाहकता म्हणजे ईसी किती आहे ते पाहणे, सोडियमचे प्रमाण जास्त असेल तर माती परीक्षणानुसार जिप्सम देणे, जेणेकरून जिप्सममधील कॅल्शियम मातीच्या कणांवरील सोडियमची जागा घेईल आणि सुटलेला सोडियम पावसाच्या पाण्याबरोबर खाली निचरून जाईल, शेततळ्यात पावसाचे गोडे पाणी साठवणे, हे ते मार्ग आहेत. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे तज्ज्ञ या प्रश्नावर शेतकऱ्यांना मार्गदर्शन करतात. पिण्याच्या पाण्यातून क्षार काढायचे असतील तर आरओ लागतो, आणि त्यात काढलेले मीठ वेगळ्या नळीतून सांडपाण्यात बाहेर पडताना दिसते. चुंबकाच्या उपकरणाला अशी दुसरी नळीच नाही. मीठ गेले कुठे, हा प्रश्न विक्रेत्याला विचारावा.

हे सगळे वाचून चुंबकाविषयी कोणाच्या मनात अढी बसू नये, कारण आपल्या शेतीचा कितीतरी भार चुंबकच वाहतो. जिनिंगमध्ये कापसाबरोबर आलेला खिळा किंवा तारेचा तुकडा यंत्रात जाऊन ठिणगी पडू नये म्हणून चुंबक लावतात. दालमिलमध्ये डाळीतले लोखंडाचे कण त्यानेच वेगळे होतात. गाय-म्हैस चाऱ्याबरोबर तार किंवा खिळा गिळते तेव्हा तो पोटाच्या जाळीदार कप्प्यातून हृदयाकडे घुसू नये, यासाठी पशुवैद्य गुळगुळीत चुंबक जनावराला गिळवतात आणि तो त्या कप्प्यात राहून लोखंड धरून ठेवतो. या तिन्ही ठिकाणी चुंबक लोखंडावर काम करतो, म्हणून ते काम होते.

आणि सर्वांत मोठा चुंबक तर प्रत्येक विहिरीवर आहे. शेतातील थ्री फेजच्या मोटारीत एकही कायमचा चुंबक नसतो. स्टेटरच्या, म्हणजे मोटारीच्या स्थिर भागाच्या, तीन कॉइलांमधून तीन फेजच्या धारा एकमेकींच्या मागेपुढे वाहतात आणि त्यांच्या एकत्रित परिणामाने जे चुंबकीय क्षेत्र तयार होते ते मोटारीच्या पोटात गोल फिरत राहते. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर दोन ध्रुवांच्या मोटारीत हे क्षेत्र मिनिटाला ३,००० फेरे घेते. फिरत्या क्षेत्रामुळे रोटरच्या, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या भागाच्या, सळयांमध्ये धारा निर्माण होते. बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून वीज निर्माण होण्याचा हा नियम फॅरडे यांनी १८३१ साली शोधला. त्या धारेवर पुन्हा क्षेत्राचे बल लागते आणि रोटर क्षेत्राच्या मागे धावू लागतो. तो क्षेत्राला कधीच गाठत नाही, थोडा मागेच राहतो, कारण गाठले तर त्याच्या दृष्टीने क्षेत्र बदलणेच थांबेल, धारा थांबेल आणि ओढही थांबेल. ओरस्टेड आणि फॅरडे यांचे दोन्ही नियम एकाच यंत्रात असे एकमेकांत गुंफलेले आहेत, आणि आमच्या भागातील मुले या यंत्राचा आवाज ऐकतच मोठी होतात.

शेतकऱ्याला पडणाऱ्या नेहमीच्या प्रश्नांची उत्तरेही यातच आहेत. कोणत्याही दोन फेजच्या तारा अदलाबदल केल्या की मोटार उलटी का फिरते? कारण क्षेत्राच्या फिरण्याची दिशा उलटते. डीपीवरून, म्हणजे वीज वितरणाच्या रोहित्रावरून, एक फेज गेला की बंद असलेली मोटार नुसती घुमते, पण फिरत का नाही? कारण उरलेल्या विजेतून फिरते क्षेत्र तयार होत नाही, एकाच रेषेत पुढेमागे होणारे क्षेत्र तयार होते. ते रोटरला कोणत्याच दिशेला ढकलत नाही, आणि कॉइल मात्र तापत जाते. कंडेन्सर लावून मोटार दोन फेजवर चालवतात तेव्हा तो कंडेन्सर एका धारेला मागेपुढे सरकवून क्षेत्राला कसेबसे फिरते करतो. व्होल्टेज कमी असताना मोटार का जळते, याचेही उत्तर आहे. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे व्होल्टेज ८० टक्क्यांवर आले तर जोर ६४ टक्क्यांवर येतो. पाण्याचा भार तर तेवढाच असतो, मग रोटर अधिक मागे पडतो, कॉइल जास्त धारा ओढते, तिच्यावरचे वार्निश जळते आणि मोटार रिवाइंडिंगला जाते. ज्याला हे कळले तो वीज आली की मोटार आपोआप सुरू करणाऱ्या ऑटोस्विचच्या भरवशावर रात्रभर मोटार सोडण्याआधी, एक फेज गेला की मोटार बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवण्याचा विचार करील. चुंबकीय उपकरणावर घातलेल्या पैशापेक्षा त्या प्रिव्हेंटरवरचा पैसा कितीतरी सार्थकी लागतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझी खरी तळमळ शाळेविषयी आहे. दहावीच्या पुस्तकात विद्युतधारेचे परिणाम हा पाठ आहे. त्यात उजव्या हाताच्या अंगठ्याचा नियम आहे, मोटारीची आकृती आहे. विद्यार्थी ती आकृती सुबक काढतात, गुण मिळवतात, आणि दहा वर्षांनी तेच विद्यार्थी चुंबकाने पाणी गोड होते यावर विश्वास ठेवतात, कारण आकृतीतील मोटार आणि विहिरीवरची मोटार एकच आहे हे त्यांना कोणी दाखवलेले नसते. गावात रिवाइंडिंग करणारा कारागीर असतोच. त्याने उघडलेली मोटार वर्गाला एकदा दाखवली, कॉइल कुठून कुठे जाते हे त्याच्याच तोंडून ऐकवले, तर तो पाठ आयुष्यभर सुटणार नाही. वेल्डिंगच्या दुकानात ग्राइंडरखाली लोहकीस फुकट पडलेला असतो. जुन्या स्पीकरमधून गोल चुंबक निघतो. तो शिवणाच्या सुईवर एकाच दिशेने पुन्हा पुन्हा फिरवला आणि ती सुई पळसाच्या पानाच्या तुकड्यावर ठेवून ताटातल्या पाण्यावर सोडली, की ती उत्तर-दक्षिण दिशेत स्थिर होते. विदर्भात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशापेक्षाही कमी फरक असल्याने माध्यान्हीच्या सावलीशी ही दिशा ताडून पाहता येते. यासाठी कोणत्याही अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.

पश्चिम विदर्भातल्या शिक्षकांच्या हाती तर आणखी एक साधन आहे. नाल्यातल्या वाळूतून चुंबक फिरवला तर त्याला काळे बारीक कण चिकटून येतात. आपला काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनला आहे आणि त्यात मॅग्नेटाइट या जातीची चुंबकीय खनिजे असतात. दगड झिजला की ते कण वाळूत येतात. लाव्हा थंड होताना या खनिजांनी त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा स्वतःमध्ये कायम करून ठेवली. १९५० च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आणि परदेशांतील संशोधकांनी दख्खनच्या दगडांतील ही दिशा मोजली, तेव्हा हा लाव्हा पसरला त्या काळी आपली भूमी विषुववृत्ताच्या बरीच दक्षिणेला होती असे दिसून आले. खंड सरकतात या कल्पनेला बळ देणाऱ्या पुराव्यांत आपल्या पायाखालच्या या दगडाचा वाटा आहे. त्याचे चुंबकत्व इतके खरे आहे की मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय निरीक्षणे अलिबागला हलवली गेली आणि १९०४ पासून तिथे नोंदी सुरू झाल्या, तेव्हा तिथल्या इमारतीसाठी स्थानिक काळा दगड टाळून पोरबंदरचा चुंबकत्व नसलेला दगड आणण्यात आला. ट्रामच्या तारांतील धारा सूचीला हलवते हा ओरस्टेडचा नियम, आणि काळा दगड सूचीला हलवतो हा आपल्या मातीचा गुण. दोन्ही गोष्टी दहावीच्या मुलाला सहज कळण्यासारख्या आहेत.

पाण्याच्या उपकरणाबरोबर गावात चुंबकीय गाद्या, हातात घालायची कडी आणि दुचाकीच्या पेट्रोल नळीवर लावायचे चुंबकही विकले जातात. रक्तात लोह असते म्हणून चुंबक रक्त खेचतो, असे गादी विकणारे सांगतात. रक्तातील लोह खिळ्यातील लोखंडासारखे रांगेत उभे नसते. ते हिमोग्लोबिनच्या रेणूंत सुटे-सुटे बांधलेले असते, आणि प्राणवायूने भरलेले रक्त तर पाण्यासारखेच चुंबकापासून किंचित दूर लोटले जाते, हे १९३६ साली लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरियेल या रसायनशास्त्रज्ञांनी मोजून दाखवले आहे. पेट्रोलमध्ये लोखंडही नाही आणि वाहणारे आयनही नाहीत. शिवाय स्थिर चुंबकाचे बल हलणाऱ्या प्रभाराच्या गतीला नेहमी काटकोनात असते. ते प्रभाराची वाट वळवते, पण त्याला ऊर्जा देत नाही. त्यामुळे ‘चुंबकातून ऊर्जा मिळते’ या वाक्यावर आधारलेली कोणतीही वस्तू घेण्याआधी हात आखडता घ्यावा.

कृषी विभागाला आणि प्रदर्शने भरवणाऱ्या संस्थांना माझी विनंती आहे की, पाण्यातील क्षार कमी करण्याचा दावा करणाऱ्या प्रत्येक दालनात विक्रेत्याने उपकरणाच्या आधीचे आणि नंतरचे पाणी शेतकऱ्यांसमोर ईसी मीटरने मोजून दाखवावे, आणि पाणी शेतकऱ्याने स्वतःच्या बोअरचे आणलेले असावे, अशी अट घालावी. पाण्याची चव घेऊन पाहा, असे सांगून वेळ मारून नेऊ देऊ नये. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध तरतूद आहे; ज्यांची फसवणूक झाली असे वाटते त्यांनी पावती आणि माहितीपत्रक जपून ठेवून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. आणि संपादक महोदय, आपल्या वृत्तपत्राकडेही एक मागणी आहे. अशा उपकरणाची जाहिरात किंवा तिच्या आधारे लिहिलेली बातमी छापण्यापूर्वी शासकीय अथवा कृषी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतील पाण्याचा आधीचा आणि नंतरचा तपासणी अहवाल मागवावा, आणि तो मजकुरासोबत छापावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
ता. दर्यापूर, जि. अमरावती